जोतीरामच्या नावाची मिस्सा

सोजरमावशीच्या पायावर डोकं ठेवून केसरचा नमस्कार. रातभर मला झोप न्हाय, म्हणून अक्षर वाकडं हाय. झोप न्हाय ती ह्यापायी, की आमच्या फादरनं जोतीदादाचं नाव मिसात घातलं असं मला वाटलं. घाबरू नको, सगळं लिवते. तुझा गुडघा कसा हाय? लसणाचं तेल चोळतीस का? (मावशीला वाचता येत न्हाय, तवा हे वैरागात आडतीवरचे शिवयोगीअण्णाच वाचत असणार. अण्णा, रामराम. जितं अशी चंद्रकोर काढलीय, तितलं मोठ्यानं वाचू नका, मनात वाचा.)

मावशी, मी हितं सोलापुरात चर्चच्या बंगल्यावर झाडलोट करते ते तुला ठाऊकच हाय. (सासूला ख्रिस्ती घरचं काम आवडत न्हाय, पगार आवडतो.) तितले फादर बस्त्याव वसईकडचे. आधी मिलट्रीत कप्तान हुते. वरनं पांढरा झगा घातला म्हणून आतला कप्तान कुटं जातोय? पोरं प्रार्थनेला आली की आधी नखं बघत्यात, मग देव. सांजच्याला कोंबड्यांची गिनती हुती, आन् एक जरी मागं राह्यली, तर बाकीच्यांना खुराड्यात जायची परवानगी न्हाय. सुरवातीला मला बघून बी 'सावधान' म्हणायचे, की माझ्या हातातलं भांडं खाली.

त्यांच्या खोलीत पलटणीचा, लढाईच्या आधीचा एक फोटू हाय. धूळ पुसताना बघते, तर दुसऱ्या रांगेत आपला जोतीदादा. गाल फुगवून, तुझ्या चुलीपुढं फुंकणी घेऊन बसायचा तसाच. मी म्हणलं, अवो, हा आमचा दादा की. फादर खुर्चीतनं उठून ताठ हुबे राह्यले. तवापासनं माझ्या सोमलिंगला कडेवर घेऊन 'जवान' म्हणत्यात आन् त्याच्या डोळ्यावर आलेले केस मागं सारत्यात.

केस काढाय पायजेत हे मला बी कळतंय. पण पयलं जावळ मामाच्या मांडीवरच निघाय पायजे, आन् मामा लढाईवरनं आला तो पुण्याला कारखान्याच्या फाटकावर राखणीला जो बसला, तो बसलाच. आईमागं तूच आमा दोघांना वाढवलंस, तुझ्याकडं बी येईना, माझ्याकडं बी येईना. भाऊबीजंला पाट तसाच. सासू म्हणती, वेणी घाल आता पोराला. (घातली, अण्णा. लई गोड दिसतो.)

तर काल फादर म्हणले, "केसर, रविवारची मिस्सा जोतीरामच्या नावानं ठेवली आहे." मावशी, आणीबाणी लागली तवा आमच्या गल्लीतला युनियनवाला पोलिसांनी मिसात धरून नेला, तो अजून आला न्हाय. माझी बादली सुटली. मी म्हणलं, आमचा दादा सभेला जात न्हाय, मोर्च्याला जात न्हाय, तुमच्या हाताखाली त्यानं बंदूक धरली आन् तुमीच त्याला धरून देताय व्हय? फादर म्हणले, अगं, आम्ही फक्त आठवण करणार. मी म्हणलं, पोलीस बी आधी आठवणच करत्यात. घरी येऊन मालकांना म्हणलं, पुण्याला जाऊन दादाला लपवू. ते म्हणले, सकाळची पाळी हाय, झोप.

सकाळी फुलाबाईला सांगितलं. ती बंगल्यावरची सैपाकीण, ख्रिस्ती हाय. हसून हसून तिनं चपाती करपवली. म्हणली, येडे, मिसा सरकारचा, मिस्सा देवाची. चर्चमधली पूजा असती ती, माणसाचं नाव घेत्यात. तर असं हसं झालं बघ माझं, मावशी. बाकी समदं ठीक.

(अण्णा, आता मोठी चंद्रकोर हाय. मावशीला म्हणा, अक्षर लागंना. फुलाबाई पुढं म्हणली, माझा नवरा वारल्यापासनं दरसाल त्याच्या नावाची मिस्सा असती. सांज हुईस्तोवर मी एकच अंगण झाडत राह्यले. फादर कोंबड्यांना दाणं टाकत हुते. म्हणलं, आमचा दादा हाय का न्हाय, खरं सांगा. ते म्हणले, जिवंत माणसासाठीही असते. म्हणलं, मग जिवंत हाय हे तुमाला ठाऊक हाय? त्यांची मूठ मिटली ती उघडंना. म्हणले, "मी त्याला किती निरोप धाडले, उत्तर नाही. त्या फोटोतली निम्मी पोरं माझ्यासमोर गेली. जाताना एकानंही साहेब म्हणून हाक मारली नाही, आई म्हणून मारली. जोतीराम तेवढा माझ्याबरोबर चालत परत आला. पण घरी पोचला नाही." आई व्हता येत न्हाय म्हणून माणूस फादर झाला, अण्णा. मग त्यांनी कोंबड्या मोजल्या. गिनती पुरी भरली. तरी खुराडं उघडंच ठेवलं.)

तुझी केसर

ता. क. मावशी, शेंगाची चटणी धाडलीय. आडतीवर उघडू नको, घरी पोचायची न्हाय.

ता. क. (अण्णा, दादाच्या फाटकावरच्या फोनचा नंबर तुमच्याच भिंतीवर कोळशानं लिवलाय. मी फोन लावाय पोस्टात गेले हुते, नंबर न्हाय म्हणून बाबूनं परत धाडलं. तुमी लावा. मिस्साचं बोलू नका, फादरचं बोलू नका. भाच्याची वेणी कमरंपत्तुर आलीया म्हणा. खोटं हाय, चालंल. तो नुसता 'हॅलो' म्हणला तरी मावशीच्या कानाला लावा, तिला आवाज कळतो. आन् अण्णा दुकानात नसतील, तर हे वाचणारा कोन का असंना, बाबा, माझ्या भावाला फोन लाव.)