'टेक'चे उलटे अर्थ

४ नोव्हेंबर

आज इंग्रजीच्या क्लासमध्ये 'टेक' घेतला. बस घ्या, औषध घ्या, झोप घ्या, फोटो घ्या – चुकले, काढा! पाचही बायकांच्या तोंडाला फेस. शेवटी लाँड्रीवाली म्हणाली, "मॅडम, या 'टेक'पुढे आपण हात टेकले!" सगळ्या खो खो हसल्या. मी म्हटलं, आपलं 'घेणं' तरी कुठे सरळ आहे? आपण काळजीही घेतो, फिरकीही घेतो. आणि एखादीचा नवरा 'घेतो' म्हटलं की काय ते विचारावं लागत नाही.

मजा आली. लाँड्रीवाली हुशार आहे.

६ नोव्हेंबर

ती आज मुद्दाम मागे थांबली. नवरा पूर्वी बोटीवर होता, फर्डं इंग्रजी बोलतो. हल्ली दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन धाकट्या भावाशी फोनवर तासन्‌तास इंग्रजीत बोलतो. ही आत गेली की लगेच मराठी – "काय गं, चादरी झाल्या?" म्हणून तर क्लास! त्याला न सांगता.

तिनं एक वाक्य पाठ करून आणलं होतं. 'टेक केअर ऑफ हर.'

"तिची काळजी घे. तुमच्याबद्दलच असेल," मी म्हटलं.

"मग माझ्यापासून चोरून कशाला?"

मला राहवलं नाही. अक्कल पाजळलीच – सिनेमातले गुंड हेच म्हणतात तेव्हा अर्थ उलटा होतो. काटा काढ! मला वाटलं हसेल. तिनं ते लिहून घेतलं.

१० नोव्हेंबर

नवं वाक्य. 'इट वोन्ट टेक लाँग.' फार वेळ लागणार नाही.

"कशाला वेळ लागणार नाही?"

मी फळा पुसायला घेतला.

मग हळूच म्हणाली, "हे हल्ली मला चहा करून देतात. लग्नापासून कधी गॅसजवळ फिरकले नाहीत. मी प्यायला लागले की बघत बसतात नुसते." तो गिऱ्हाइकाकडे वळला की चहा ती मोरीत ओतते. रिकामा कप पुन्हा समोर ठेवते, प्यायल्यासारखा.

ती गेल्यावर मी माझाही चहा ओतून दिला. वेडी कुठली!

११ नोव्हेंबर

मुद्दाम साडी इस्त्रीला घेऊन गेले. तो एकटाच होता. हँगरवर शर्टांची रांग, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, मानेपाशी रिकामी. वाफेतून त्याचा चेहरा आधी दिसलाच नाही. दिसला तेव्हा वाटलं, हा माणूस आहे की नुसती कातडी खुंटीला लावलीय!

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मॅडम ना? हिच्या उशीखाली तुमच्या क्लासचं पुस्तक बघितलं मी. बोललो नाही. चांगलं शिकवा हं तिला. लवकर शिकवा."

'लवकर' म्हणताना हसला. माझ्या अंगावर काटा आला. साडी न देताच परतले.

१२ नोव्हेंबर

तिला सांगितलं नाही. सांगायला हवं.

१४ नोव्हेंबर

आज ती चपला न काढताच आत आली. 'टेक हर आउट ऑफ हिअर.'

म्हटलं, तिला इथून घेऊन जा. पण नुसतं 'टेक आउट' म्हणजे हॉटेलातून बांधून नेणं. आणि गुंडांच्या भाषेत...

"म्हणजे एकतर पार्सल, नाहीतर मुडदा!" ती हसायला लागली. थांबेचना.

मी पुस्तकाची गोष्ट सांगून टाकली. ती पांढरीफटक पडली. "लांबच्या मावसबहिणीकडे जा, तिथे कुणी शोधणार नाही," म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. मी मनापासून सांगतेय, मनावर घ्या." स्वतः स्टँडवर नेऊन बसवून दिलं. बस सुटेपर्यंत माझा हात सोडत नव्हती. फोन बंद करून माझ्याच पिशवीत टाकला – त्यानं शोधायला नको म्हणून.

१५ नोव्हेंबर

गाढ झोप लागली. एक जीव वाचवला!

१८ नोव्हेंबर

लाँड्रीला कुलूप. ती नाही म्हणून शोधत फिरत असेल मेला. फिरू दे!

२२ नोव्हेंबर

दारात त्याचा धाकटा भाऊ. डोळे सुजलेले. "मॅडम, वहिनी कुठे आहे, काही कल्पना? फोन लागत नाही. दादा काल गेला. पोटाचा कॅन्सर. तिला कळू नये म्हणून आम्ही इंग्रजीत बोलायचो. शेवटी त्याला हॉस्पिटलात ती हवी होती, दुसरं काही नको. दाराकडेच बघत गेला हो!"

मी म्हटलं, मला माहीत नाही. आणि दार लावून घेतलं.