तुलारामला द्यावयाचा रिसीव्हर, फिल्टरसह

मी, केशवराव दादाजी धकाते, वय एकाहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार पवनी, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाविना खालील व्यवस्था लिहून ठेवतो. पत्नी शकुनबाई स्वयंपाकघरातून मधूनमधून सूचना करीत आहे. ते दडपण धरू नये.

१. राहते घर व बँकेतील ठेव शकुनबाईची. अंगणावरून गेलेल्या एरियलच्या तारेवर ओल्या साड्या टाकू नयेत, ही तीस वर्षांची विनंती मी मागे घेतो. तिने ती कधी मानलीच नव्हती.

२. डाग देण्याची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, चिंधू इलेक्ट्रिकवाल्यास द्यावी. तशीही ती सहा वर्षे त्याच्याचकडे आहे. आता त्याने निर्धास्त वापरावी.

३. माझा हौशी रेडिओचा रिसीव्हर धाकटा भाऊ तुलाराम, राहणार शहापूर, यास द्यावा. या कलमास खुलासा लागेल.

सदर रिसीव्हर आम्ही दोघांनी मिळून घेतला. त्यातला मूळ फिल्टर आवाजाचा मधला भाग तेवढा पुढे सोडी. कोणीही बोलले तरी डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे वाटे. २०१४ साली तुलारामला न विचारता मी तो फिल्टर काढला, दोन कपॅसिटर मोठे घातले आणि वडिलांच्या हातमागाच्या सागवानी लाकडाची पेटी करून तीत आठ इंची स्पीकर बसवला. माणूस समोर बसून बोलतोय असे वाटू लागले.

रविवारी तुलाराम आला. लांबचे एक बारीक स्टेशन लावू गेला, तर शेजारची दोनही आत शिरली.

"दादा, कायले खोललास तू? तीन माणसं एकाच टायमाले बोलून राहिले न यात!"

"पण तिघंही किती गोड बोलून राहिले, ते आयक ना!"

तो चहा न घेता गेला. फिल्टर काढला की शेजारचे आत येणारच, हे मला त्याच्याआधी माहीत होते. तेव्हा कबूल केले नाही, आता करतो. पुढे त्याने अरुंद फिल्टरचा, बोलता-ऐकता येणारा स्वतःचा सेट घेतला. धाकट्याने आधी बोलावे म्हणून मी अडून बसलो. आणि तो तर दहा वर्षे रोज सकाळी सात वाजता पुकारतो, "दादा, आयकून राहिलास का?" मी रोज ऐकतो. माझा ट्रान्समीटर व माईक चांगले आहेत. उत्तर दिले नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या बोलण्यात दम लागल्याची बारीक शिटी ऐकू आली. इतरांच्या सेटवर ती गाळली जात असणार. मी शकुनबाईला तुलारामच्या बायकोस, सुमित्राबाईस, फोन करायला लावले. "सपन पडलं मले, दवाखान्यात ने त्याले," असे शकुनबाईने खोटेच सांगितले. छातीत पाणी निघाले. आता बरा आहे. त्या आठवड्यात मी फार घाबरलो होतो.

मूळ फिल्टर पेटीत कागदी पुडीत ठेवला आहे. बसवायचा की नाही, हे तुलारामने ठरवावे.

वरील मजकूर साक्षीदारांसमोर वाचत असता शकुनबाई बाहेर आली. "मेल्यावर रेडिओ देता, अन् जित्तेपणी एक शबद देता नाही येत तुमाले?" साक्षीदार जमिनीकडे पाहू लागले. सह्या उद्यावर टाकल्या.

पुरवणी: आज सकाळी सात वाजता तुलारामने पुकारले. मी म्हणालो, "आयकून राहिलो रे, तुल्या." पलीकडे तो रडतो आहे, हे माझ्या रिसीव्हरवर स्वच्छ ऐकू आले. मीही रडलो, ते त्याच्या अरुंद फिल्टरमधून त्याला ऐकू गेले नसावे.

कलम तीन कायम.

सही: के. दा. धकाते
आमच्यासमक्ष सही केली: गोपाळराव निमजे, शेजारी; संजीव पराते, टंकलेखक
मु. पवनी, दि. १० फेब्रुवारी २०२५