एका जादा ताटाची चौकशी

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (तुझे गुडघे कुरकुरतात हे ठाऊक आहे, तेव्हा आशीर्वाद बसूनच दे.) तुझी प्रकृती बरी असेल, दाजींचा खोकला गेला असेल किंवा निदान तुला त्याची सवय झाली असेल, आणि सूनबाई अजून तुझ्याशी बोलत असेल, अशी आशा करते. माझं म्हणशील तर मी ठणठणीत आहे. हे वाक्य मी प्रत्येक पत्रात लिहिते आणि तू तिथेच वाचणं थांबवतेस. या खेपेला जरा पुढेही वाच.

माझी नोकरी नक्की कसली हे शेजारणीला सांगता येईना, म्हणून तू मी बँकेत असल्याचं ठोकून दिलंस म्हणे. तर ऐक. कुठे पूर आला की लांबचे भले लोक पैसे देतात. ते जातात मोठ्या संस्थेकडे, मोठीकडून मधलीकडे, मधलीकडून तिच्या धाकट्या जावेकडे, आणि वाटेत जो तो हात धुऊन घेतो (कागदावर याला व्यवस्थापन खर्च म्हणतात). शेवटी ओंजळभर उरतं ते पूर आलेल्या ठिकाणच्या छोट्या संस्थेला मिळतं. मी त्या पैशांच्या मागोमाग यायचं आणि ही शेवटची ओंजळ कुठे गळते का ते बघायचं. वर धो धो गळतं तिकडे बघायला माझ्यासारखीला पाठवत नाहीत.

इथली संस्था म्हणजे एक निवृत्त नर्स, एक स्वयंपाकीण आणि एक राखणदार. बंद पडलेल्या गोदामात ही मंडळी पुरात घर गेलेल्यांना रोज दुपारी जेवू घालतात. त्यांचा पुढचा हप्ता माझ्या अहवालावर अडलेला. अहवाल बिघडला की चूल बंद, सरळ हिशेब. मला राहायला त्यांनी गोदामाच्या माडीवरची खोली दिली आहे. एक खाट, एक टेबल, आणि खाली स्वयंपाकघरात उघडणारी खिडकी.

आता आमचा नियम सांगते. ज्यांची तपासणी करायची त्यांच्याकडे पाण्याखेरीज काही खायचं-प्यायचं नाही. चहा घेतला की माया लागते, आणि माया लागली की आकडे गोड दिसायला लागतात, असं आमचे साहेब म्हणतात. (साहेबांना कुणाची माया लागल्याचं अजून ऐकिवात नाही.) आल्या दिवशी नर्सबाईंनी चहा पुढे केला तो मी हात जोडून परत पाठवला, तेव्हापासून मी जिना उतरले की खालचं हसणं थांबतं. दुपारी सगळं गोदाम जेवतं. भांडी वाजतात, पोरं रडतात, कुणीतरी कुणालातरी आणखी थोडं घे म्हणून आग्रह करतं, आणि मी वर दार लावून कोरडी बिस्किटं चावते. खोटं कशाला बोलू ताई, तेव्हा फार एकटं वाटतं. संध्याकाळी रेडिओ लावते आणि बातम्या देणाऱ्याशी भांडते. तो माझं ऐकत नाही, पण निदान उठून जात नाही.

अशात मला एक ताट जादा सापडलं. जेवायला येणारे जितके, त्याहून रोज एक ताट जास्त वाढलं जात होतं. तू म्हणशील, एका ताटाचं काय घेऊन बसलीस. पण नसलेला माणूस दाखवून त्याच्या नावाने आपण जेवणं ही आमच्या क्षेत्रातली फार जुनी कला आहे, आणि ती ताटापासूनच सुरू होते. मी स्वयंपाकीणबाईंना गाठलं. त्या भाताखालचा जाळ कमी करत म्हणाल्या, जवळच एक बाई राहते, एकटी, तिचं आहे ते. तिचे कागद मागितले तर म्हणाल्या, इथे कागद बघत नाहीत. दुपारच्याला ज्याला कुणी जेवायला हाक मारत नाही त्याचं ताट वाढायचं, एवढीच आमची रीत. घरचं कुणी? कधी आलेलं पाहिलं नाही. वय? असेल तुमच्याएवढीच. स्वभावाने जरा तुसडी आहे, मागायची नाही, म्हणून न विचारता दाराशी ठेवून येतो.

मी सगळं टिपून घेतलं आणि शोधाला लागले. इतकी वर्षं काही गवत उपटलेलं नाही मी. गल्ल्या पालथ्या घातल्या, तंबूंत डोकावले. एक शिंपीण एकटी राहते असं कळलं, तर तिच्या घरातून मुलगे, सुना, नातवंडं अशी वरातच बाहेर आली. दुसरी खरंच एकटी निघाली, पण ती सुखात होती, आणि असल्या चौकशा करतेस म्हणून तिने मला हाकलून लावलं. आता बाई खोटी आहे असं लिहावं लागणार, चूल बंद पडणार, या विचाराने माझं डोकं फिरलं, आणि मी जाऊन नर्सबाईंवर डाफरले. म्हटलं, बाई खरी असेल तर लाज वाटायला हवी तुम्हाला. एकट्या बाईच्या दाराशी नुसतं ताट ठेवून येता, तिच्याशी दोन शब्द कोण बोलणार?

नर्सबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "अहो, आम्ही रोज बोलायला बघतो. तुम्हीच दार लावून घेता."

ती एकटी, तुसडी बाई म्हणजे मीच. ताट रोज माझ्या दाराबाहेर झाकून ठेवलेलं असायचं, आणि मी दुपारी दार म्हणून उघडत नव्हते. (राखणदार ते आपल्यासाठीच आहे असं समजून इमानेइतबारे संपवत होता. त्याच्या शर्टाची बटणं का तुटायला आली याचा तपास मी आधी करायला हवा होता.) त्या दुपारी मी जिन्यात बसून ते ताट रिकामं केलं. भात थोडा कच्चा होता. जेवताना मी रडले, पण राखणदाराखेरीज कुणी पाहिलं नाही, आणि तो बिचारा स्वतःच्याच दुःखात होता.

बाकी क्षेम. दाजींना नमस्कार, पोरांचे गालगुच्चे घे.

तुझी,
धाकटी

ता. क. कामाचं राहिलंच. या ताटाचा उलगडा करायला दोन रस्ते आहेत. एक, मी पाहुणचार घेतला असं लिहून द्यायचं. आमच्याकडे तो घेणाऱ्याचा गुन्हा, देणाऱ्याचा नाही. म्हणजे यांना हप्ता मिळेल आणि माझी नोकरी जाईल. दुसरा, ताट खऱ्या गरजूचंच होतं असं दाखवायचं. त्यासाठी "या बाईला विचारणारं कुणी नाही" अशा मजकुराखाली तिला चांगलं ओळखणाऱ्याची सही लागते. अशी सही करायला मला तुझ्याशिवाय कोण आहे? कागद सोबत पाठवते आहे. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं.

पुन्हा ता. क. कागद पाकिटात घातलेला नाही. विसरले नाही, मुद्दामच ठेवला. तू समोर येईल त्या कागदावर न वाचता सही करतेस, आणि मला भीती वाटली की यावरही करशील. पाहुणचार घेतल्याचं आज सकाळी लिहून दिलं. आता ही खोली सोडावी लागेल. तुझ्याकडे राहायला येऊ का ताई?