लाल रिबिनीची वीस झाडं

उमेळे,
११ जून २००६

प्रिय उन्नती,

दुकानात गल्ल्याच्या वर तुझं प्रशस्तिपत्र दीड वर्ष टांगलेलं होतं. ते आज खाली उतरवलं आणि त्याची खरी किंमत काय पडली ते मांडायला बसलो. काच, सागाची चौकट आणि एक खिळा, हे सोडून दे. तुझं कॉलेजनंतरचं अख्खं एक वर्ष गेलं. कॉलेजातल्या सीमा मॅडमचा तुझ्यावरचा विश्वास गेला. एम.एस्सी.साठी त्या देणार होत्या ती शिफारस गेली. आणि तुझ्या आईचं नि माझं जेवतानाचं बोलणं फेब्रुवारीपासून ‘मीठ वाढ’ आणि ‘भात पुरे’ एवढ्यावर आलं. एवढं सगळं त्या चौकटीत बसलं होतं आणि मी रोज सकाळी तिच्यावरून फडकं फिरवत होतो.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी गोड बोलतो. पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलून जिभेला तशी सवय लागलीय. जळालेली मोटारसुद्धा मी अशी सांगतो की माणसाला वाटावं, बरं झालं जळाली. कागदावर ते जमत नाही. खोडलं तर खोडलेलं दिसतं. म्हणून हे पत्र. पुण्याला तुझ्या हॉस्टेलवर बुधवारपर्यंत पोचेल असं पोस्टातला माणूस म्हणाला.

आधी इकडचं सांगतो. विहिरीला पाणी आहे. आपल्या गल्लीच्या टोकाची वाडी शेवटी बिल्डरला गेली. नारळ तोडून झाले, आता पायलिंगचं मशीन दिवसभर धडधडतंय. त्याचं एक बेअरिंग जायला आलंय, मी घरात बसून सांगतो, पण मला कोण विचारतो. तुझी आई म्हणते, मशीनचं दुखणं ऐकू येतं, बायकोचं येत नाही. सरलाचं बोलणं असं तिरकं सुरू झालं, म्हणजे बरंच म्हणायचं. इतके महिने तेही नव्हतं.

कानाचं निघालंच आहे तर तिथूनच सुरुवात करतो, कारण चूकही तिथूनच झाली. मी आठवीत शाळा सोडली आणि पंपांच्या जळालेल्या मोटारी भरायला, तार गुंडाळायला शिकलो. मला पुस्तकातलं काही कळत नाही, पण बंद खोलीबाहेर उभं राहून सांगतो की आत पंपात हवा धरलीय की कॉइल गेलीय. त्या कानावर दुकान उभं राहिलं, त्याच्यावर ही अर्ध्या एकराची वाडी घेतली आणि तुला शिकवलं. माझ्या धंद्यात एकच नियम. माणूस बंद मोटार घेऊन येतो, ती चालू करून दिली की काम झालं. का बंद पडली, कशाने चालू झाली, हे ऐकायला कुणी थांबत नाही. हा नियम मी तुझ्या अभ्यासालाही लावला.

तुझा प्रोजेक्ट मला अजून तोंडपाठ आहे, कारण तू मला तो तीनदा समजावून सांगितला होतास, ओट्यावर बसून, शेंगा सोलत. राजेळी केळीच्या एका कंदापासून तू कॉलेजच्या बाटल्यांत चाळीस रोपं वाढवलीस. सगळी सारखी, जुळी भावंडं म्हणालीस. आपल्याच वाडीतल्या मातीतून तू एक जंतू वेगळा काढला होतास. वीस रोपांच्या मातीत तो घालायचा, उरलेल्या विसांच्या नाही. तो जंतू झाडाला मदत करतो का, एवढंच बघायचं होतं. कॉलेजात जागा नव्हती म्हणून रोपं काळ्या पिशव्यांतून आपल्या वाडीत आली. जंतूवाल्यांना तुझ्या शाळेतल्या जुन्या लाल रिबिनी बांधल्यास, बाकीच्यांना पांढऱ्या. तू दादरला मावशीकडे राहायचीस, महिन्यातून एकदा यायचीस. म्हणून वही माझ्या हातात दिलीस. दर रविवारी टेप लावायची, उंची लिहायची, पाणी सगळ्यांना सारखं, बाकी कशाला हात लावायचा नाही. मी म्हटलं, आणि फरक नाही पडला तर? तू शेंग तोंडात टाकून म्हणालीस, पप्पा, फरक नाही पडला तरी तो निकालच असतो.

मला ते खरं वाटलं नाही. मला वाटलं, पोरगी आधीच मनाची समजूत घालतेय.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तू आलीस, स्वतः चाळीस रोपं मोजलीस. मग पडवीतून मैत्रिणीला फोन केलास. मी न्हाणीघरात नळ दुरुस्त करत होतो. तू म्हणालीस, काहीच नाही गं, लाल काय नि पांढरं काय, सगळी सारखीच. आणि हसलीस. त्या हसण्यात मला खरखर ऐकू आली, जशी मोटार बंद पडायच्या आधी येते. आज वाटतं, तसं काही नव्हतंच. तू नुसती हसली असशील. पण माझ्या कानावर माझा फार भरवसा.

दुसऱ्याच दिवशी मी पाचूबंदरला गेलो. आल्बर्टच्या बोटीचं इंजिन मी नेहमी बघतो, त्याच्या माळ्यावर पावसाआधीच्या सुक्या मासळीचा चुरा पडलेला असतो, खतासाठी. तो टेम्पो घेऊन स्वतः वाडीत आला. तीन टोपल्या. मी लाल रिबिनीच्या वीस पिशव्यांत मूठमूठ घालत गेलो, वरून माती ओढत गेलो. आल्बर्ट बघत उभा. म्हणाला, शेट, पानी सगल्यांना आनि जेवन अर्ध्यांनाच? बाकीची काय सावत्र हायत? मी हसलो. त्याला म्हटलं, हा शिक्षणाचा भाग आहे. आल्बर्टने मान डोलावली. शिक्षणाचं म्हटलं की आपल्याकडे माणसं पुढे विचारत नाहीत. तशा मुठी मी सप्टेंबरअखेरपर्यंत दर पंधरवड्याला घातल्या.

मधे तू आलीस तेव्हा नाकाला रुमाल लावून विचारलंस, वास कसला येतोय. मी म्हटलं, शेजारी डेल्फिनने बोंबील वाळत घातलेत. उन्नती, भर श्रावणात, चार दिवस ऊन नाही, अशात कोण बोंबील वाळत घालतं? वसईतलं पाच वर्षांचं पोर हे हसून उडवेल. तू विज्ञान शिकत होतीस, प्रत्येक गोष्टीवर का म्हणून विचारत होतीस, आणि मला पुढे काही विचारलं नाहीस. ‘हो का’ म्हणालीस आणि वही उघडलीस. खोटं पकडलं गेलं नाही म्हणून तेव्हा मी सुटलो असं वाटलं. आता तीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते.

पुढचं तुला माहीत आहे. दिवाळीच्या आधी लाल रिबिनीची झाडं पांढऱ्यांपेक्षा वीतभर उंच होती. डिसेंबरात स्पर्धेत पहिला नंबर आला. मी चौकट करून आणली आणि दुकानात येईल त्याला ऐकवलं की आमच्या उमेळ्याच्या मातीतला जंतू माझ्या मुलीने शोधलाय. कामणच्या गोदामातला मॅनेजर पंप घेऊन आला होता, त्याला अर्धा तास उभं करून सांगितलं. तो शेवटी म्हणाला, काका, जंतू राहू द्या, पंप कधी मिळेल ते सांगा. मला वाईटसुद्धा वाटलं नाही. खरं सांगायचं तर तोवर मी खत विसरलो होतो. म्हणजे आठवत होतं, पण मनाशी म्हणायचो, थोडा हातभार. आपण मुलांना चालायला शिकवताना बोट देतोच की.

मग मॅडमनी तुला बी.एस्सी. झाल्यावर ठेवून घेतलं आणि कॉलेजच्या गच्चीवर हिरवी जाळी लावून तोच प्रयोग पुन्हा करायला लावला. पावसाळ्यात केलास, काही नाही. थंडीत केलास, काही नाही. तू घरी यायचीस तेव्हा बोटांची टोकं स्पिरिटने पांढरी पडलेली असायची. तुझा समज झाला की जंतू मेला, तुझ्या हातून बाटली दूषित झाली, तू काहीतरी गाळलंस. रात्ररात्र जुन्या वह्या काढून बसायचीस. आई म्हणायची, अहो, तिला काहीतरी सांगा. तिला वाटायचं, बाप म्हणून चार धीराचे शब्द सांगावेत. मला सांगण्यासारखं काय होतं ते फक्त मला माहीत होतं.

फेब्रुवारीत मॅडमनी पालकांना बोलावलं. तू आत गेलीस, मी बाहेर बाकावर. दार लावलेलं होतं, पण माझ्यासारख्याला दाराचा काय उपयोग. वर पंख्याचं बेअरिंग घासत होतं, मी मुद्दाम तेच ऐकायचा प्रयत्न केला. तरी आतलं ऐकू आलं. मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, उन्नती, मला एकच सांग, पहिले आकडे तू घडवलेस का? तू म्हणालीस, नाही मॅडम. मॅडम म्हणाल्या, मग ते आले कुठून? आणि तू म्हणालीस, ते आकडे माझ्या पप्पांनी घेतलेत. पप्पांच्या हातून चूक होत नाही.

मी उठून निघून जाऊ शकलो असतो, किंवा आत जाऊन दोन वाक्यांत सगळं सांगू शकलो असतो. शिपायाने आत बोलावलं तेव्हा मनात वाक्य तयारही होतं. पण मॅडमनी खुर्ची पुढे केली, ‘बसा साहेब’ म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी कॉलेजात साहेब म्हटलं. तू माझ्याकडे बघत होतीस. मी शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हटलं, मॅडम, सोळा रविवार होते, मी एकही चुकवला नाही. आठवी शिकलेला माणूस आहे, पण टेपवरचा आकडा आकडाच लिहितो. मॅडमनी समोरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, ठीक आहे. त्या ‘ठीक आहे’चा अर्थ मला तिथेच कळला होता. बाप खोटं बोलणार नाही, म्हणजे मुलीनेच वहीत नंतर हात मारला असणार.

परत येताना स्टेशनपर्यंत चालत असताना तू म्हणालीस, पप्पा, तुम्ही आलात म्हणून मला धीर आला. तेवढं वाक्य सोडून त्या दिवसाचं दुसरं काहीही मला पुन्हा सोसायला सांग, मी सोसेन.

एप्रिलमध्ये तू पुण्याला डॉक्टरांच्या टेपा ऐकून टाइप करायच्या नोकरीला गेलीस. लोकांना मी सांगतो की मेडिकल लाइनला आहे. ते मान डोलावतात.

आता हे आज का लिहितोय ते सांगतो. गेल्या रविवारी तू आईला फोन केलास. आईने रिसीव्हर कानाला घट्ट लावला होता, मी चार हातांवर पेपर वाचत होतो, तरी शब्द न् शब्द ऐकला. तू म्हणालीस, आई, माझी पुस्तकं रद्दीला दे, माझ्या हातातच खोट आहे, मला हे जमण्यातलं नव्हतं. तू रडत नव्हतीस. सरळ सांगत होतीस, दुधाचा रतीब बंद कर म्हणावं तसं. पुस्तकं दिलेली नाहीत, माळ्यावर कागदात बांधून ठेवलीत. तुझ्या हातात काही खोट नाही, बाळा. तुझा निकाल ऑगस्टच्या त्या रविवारीच लागला होता. सगळी सारखीच, हे तू पडवीत उभी राहून बरोबर सांगितलं होतंस. तुझा गच्चीवरचा प्रयोग दोन्ही वेळा बरोबर होता. आईला मी काल सगळं सांगितलं. तिने उठून तुझी वही माझ्यासमोर आणून ठेवली. येत्या गुरुवारी मी मॅडमकडे जाणार आहे, त्यांना लेखी देणार आहे. एम.एस्सी.चे फॉर्म महिनाअखेरपर्यंत आहेत, ते भरायचे की नाही हे तू ठरव, आणि माझ्याशी बोलायचं की नाही हेही. मॅडमच्या हातात जो कागद पडेल त्यातलं आधी तुला कळावं, म्हणून हे लिहिलं. त्या कागदावर खताचं आलंय, आल्बर्टचं नाव आलंय, पंधरवडे आलेत. एक गोष्ट लिहायची राहिली होती, ती आता वही समोर ठेवून मोजली आणि लिहिली. रविवारी सोसायट्यांचे पंप बंद पडतात, मला जावं लागायचं. सोळा रविवारांपैकी टेप मी नऊ वेळा लावली. उरलेल्या सात रविवारांचे आकडे दुकानात बसून, दोन वेगवेगळ्या पेनांनी भरले.

तुझाच,
पप्पा
(गुरुदत्त)