तुम्हाला शिकवलेलं चायनीज

बाबा, मी तुम्हाला शिकवलेलं चायनीज खोटं होतं. एकही शब्द खरा नव्हता. पाहुणे आले की तुम्ही म्हणायचात, "अरे, जरा बोलून दाखव," आणि मी सूर वर-खाली करत काहीतरी ठोकून द्यायचो. तुम्ही दिवसभर लीड्समध्ये बस चालवून आलेले, युनिफॉर्मपण काढलेला नसायचा, आणि माझ्याकडे अशा कौतुकानं बघायचात की मला आतून हसू फुटायचं. तेव्हा फुटायचं.

युनिव्हर्सिटीत मी चायनीजचा कोर्स घेतला होता. तिथे टेस्टचे मार्क दिले की मॅडम एकेकाला उभं करून विचारायच्या, असं का झालं? पास झालेले म्हणायचे, आम्ही खूप अभ्यास केला. फेल झालेले म्हणायचे, आमच्यात टॅलेंटच नाही, ते सूर आमच्या कानात शिरतच नाहीत, पेपरच हार्ड होता. मी म्हणायचो, मॅडम, तुम्ही फार फास्ट बोलता. क्लास हसायचा. मॅडम नाही हसायच्या. घरीपण मी तेच सांगितलं, आणि तुम्ही मॅडमवर चिडलात.

मग तुम्ही हॉस्पिटलमध्ये. वॉर्डमधली नर्स चायनाची निघते, आणि तुम्हाला माझं एक वाक्य पाठ असतं. 'तुम्ही फार कष्ट करता, थँक यू,' असा अर्थ मीच सांगितलेला. दुपारभर तुम्ही ते पुटपुटताय, सुरासाठी बोट वर-खाली करताय. ती बीपी घ्यायला येते तेव्हा बोलता. तिला काही कळत नाही. परत बोलता. मग माझ्याकडे वळून म्हणता, "माझीच मेहनत कमी पडली रे. तू नीट म्हण."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी तेच वाक्य परत म्हटलं, जोरात. तिनं माझ्याकडे बघितलं, मग तुमचा हात धरून तिच्या भाषेत हळू काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, छान बोलता तुम्ही."

त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. ती खरं काय म्हणाली ते मला कळलं नव्हतं, आणि आता कळणारपण नाही. कोर्स सोडला. का सोडलास विचारलं की अजून सांगतो, मॅडम फास्ट बोलायच्या.

आई मात्र सगळ्यांना सांगायची, हे आजारपणातसुद्धा चायनीज शिकले. जानेवारीत तीपण गेली. भेटली असेल तुम्हाला. हे पत्र काय, माझ्या ड्रॉवरमध्येच राहणार. पण तुम्हाला आधीच माहीत असेल, तर तिला सांगू नका, बाबा. प्लीज. कोणालाच सांगू नका.