हरणे कमी होण्याची कारणे आणि देविदासाची सुटका

प्रति,
मा. वनक्षेत्रपाल साहेब,
वनक्षेत्र कार्यालय, चिंचमाळ,
नवा जिल्हा लातूर.

अर्जदार: लिंबाजी हैबती सोनकांबळे, धंदा शेती व मजुरी, राहणार मौजे बोरमाळ, नांदेड जिल्ह्याच्या शिवेलगत.

विषय: बोरमाळ शिवारातील हरणे का कमी झाली याची कारणे सादर करणे व त्या कारणांतून अर्जदाराचा मुलगा देविदास यास वगळणेबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाने चावडीवर डकवलेली नोटीस.

महोदय,

अर्ज सादर करण्यात येतो की, माळावरची हरणे का कमी झाली हे ज्यास ठाऊक असेल त्याने लेखी कळवावे, अशी नोटीस आपण लावली. गावातून कोणीच काही लिहून दिले नाही. नोटीस लागली त्याच दिवशी आपले रखवालदार भुजंग यांनी देविदासास धरून नेले आणि गावाने कारण सापडले असे धरले. त्याच्या खांद्यावर हरीण होते, ही गोष्ट खरी आहे. तरी पुढील मजकूर सवडीने वाचावा.

१. अर्जदार गुरे राखायचा त्या काळी हरणांचा कळप आडवा आला की गुराख्याला तो सरेपर्यंत थांबावे लागे. पुढे गायरान मोडून वहितीला दिले. त्यातली एक पट्टी अर्जदारासही मिळाली, त्याबद्दल अर्जदार सरकारचा आभारी आहे. हरणांना कोणी विचारले नव्हते. देविदास तेव्हा पाळण्यात होता.

२. माळाखालचा पाझर तलाव यंदा पोळ्याच्या आतच आटला. हरणे पाण्यासाठी गावाच्या अंगाला येऊ लागली. हातपंपाखालच्या डबक्यात तोंड घालताना बायकांनी पाहिली आहेत. इतके भित्रे जनावर माणसाच्या पायाशी येते, म्हणजे त्याचे काय झाले असेल ते साहेबांनी समजून घ्यावे.

३. गावची कुत्री माजली असून पाडसे धरतात. याबाबत पोलीस पाटील शेषेराव यांनी आपल्यापुढे जबानी दिली की, बौद्ध वस्तीने मेलेली ढोरे ओढणे सोडले, ढोरे शिवारात पडून राहू लागली, ती खाऊन कुत्री माजली, सबब हरणे वस्तीमुळे कमी झाली. ढोरे ओढणे छप्पन साली सोडले. म्हणजे तीस वर्षे कुत्री माजत राहिली आणि पाटलांना ते या दुष्काळात दिसले. ज्याचे जनावर त्याने पुरावे, एवढेच वस्तीचे म्हणणे तेव्हा होते व आजही आहे.

४. खरे मोठे कारण यंदाची ज्वारी होय. ज्वारी गुडघ्याइतकी होऊन करपली. मग एक सर पडली आणि बुडातून कोवळे पोंगे फुटले. असे पोंगे विषारी असतात, गुरे खाऊन फुगतात व पडतात, हे गावात सर्वांना माहीत आहे. म्हणून गुरे बांधून ठेवली. आता हे पीक माणसाच्या कामाचे नाही, गुरांच्याही नाही, तर निदान हरणांनी खावे, असे गावाने ठरवले व राखण सोडली. रानच्या जनावराला काय खावे ते उपजत कळते, असा सर्वांचा समज होता. अर्जदाराचाही होता. गावाने हे पुण्य म्हणून केले. सकाळी हरणे ज्याच्या त्याच्या शेतात पडलेली होती.

यात कोणाला शिक्षा करावयाची असेल तर सबंध गावाला करावी लागेल. एकट्या देविदासाने राखण सोडली नव्हती.

५. त्या सकाळी अर्जदाराच्या पट्टीत एक मादी पडली होती. देविदासाने तिच्या छातीला कान लावला व अर्जदारास म्हणाला, "बाबा, धुकधुक चालू हाय. दवाखान्यात नेऊन बघतो." जनावरांचा जवळचा दवाखाना शिवेपलीकडे नांदेड जिल्ह्यात आहे. तिला खांद्यावर घेऊन तो निघाला. शिवेच्या दगडापाशी भुजंग यांनी त्यास अडवले की, सरकारी जनावर जिल्ह्याबाहेर नेता येत नाही. पलीकडचे रखवालदारही आले. ते म्हणाले, "आमच्या हद्दीतलं हाय का न्हाई ते आधी दाखवा." हद्दीचा नकाशा नव्या जिल्ह्याला अजून आलेला नाही. दोघे बोलत राहिले. देविदास तिला घेऊन उभा होता. बोलणे संपण्याआधी ती मेली.

त्यानंतर भुजंग यांनी त्यास तेच हरीण ओढत कार्यालयात आणण्यास सांगितले. देविदासाने ते खाली ठेवले आणि म्हणाला, "जित्तं व्हतं तवर उचललं. मेलेलं वढनार न्हाई." पंचनाम्यात मात्र 'मेलेले हरीण वाहून नेताना सापडला' असे लिहिले आहे. साहेब, अर्जदाराच्या वडिलांनी धम्म घेतला त्या दिवशी ओढायची दोरी चुलीत घातली. घरचा बैल गेला तो आम्ही बापलेकांनी पुरला. दुसऱ्याचे मेलेले जनावर आमच्या घराने त्यानंतर ओढलेले नाही. बोरमाळमधल्या कोणालाही विचारावे, पाटलांनाही. आमच्याविरुद्ध त्यांची तक्रारच ती आहे. मग देविदासाच्या खांद्यावरचे हरीण जिवंत होते, याला दुसरा पुरावा काय हवा?

६. आता आपला निरोप आला आहे की, वस्तीने शिवारातली मेलेली हरणे ओढून एका जागी आणावी, म्हणजे देविदासास सोडण्यात येईल. अर्जदार कोठडीवर जाऊन आला. देविदासाने विचारले, "बाबा, वढू का?" अर्जदार घरी परत आला. सून सिंधु हिचे दिवस भरत आले आहेत. ती म्हणते, "एकदाच वढू द्या मामा. घरी तर येतील." तिचे चुकते असे अर्जदार म्हणत नाही. अर्जदाराला राग येत नाही, रडूही येत नाही. जेवण पुढे ठेवले की जेवतो. हे सर्व कळवण्याचे कारण एवढेच की, उद्या अर्जदार दोरी घेऊन आपल्या दारात उभा राहिला तर ती अर्जदाराची राजीखुशी समजू नये.

सबब विनंती की, देविदासास आधी सोडावे, कोणत्याही अटीशिवाय. शिवारातली हरणे ज्याच्या शेतात आहेत त्याने पुरावी. शिवेच्या दगडापाशी पडलेली मादी मात्र दोन्ही जिल्हे आपली म्हणत नाहीत. ती अर्जदाराच्या नावे लिहून द्यावी. घरचे जनावर म्हणून आम्ही बापलेक तिला पुरू.

आपल्या हुकुमाची वाट पाहणारा,
लिंबाजी हैबती सोनकांबळे
मौजे बोरमाळ
ता. १४ नोव्हेंबर १९८६

सोबत: देविदासाचा सदरा, कोठडीत अंगावरून उतरवून दिलेला, न धुतलेला. उजव्या खांद्यावर मादीच्या तोंडचा फेस वाळलेला आहे. तपासून परत मिळावा. त्याच्याजवळ दुसरा नाही आणि कोठडीत थंडी आहे.