अमल माहेरी आली

तीर्थरूप आई,

मुलगी झाली! आज सकाळी, इथेच विनिपेगच्या हॉस्पिटलात. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप. बातमी सगळ्यांत आधी तुम्हाला सांगायची म्हणून मी पार्किंगमध्ये गाडीत बसून फोन लावला. रिंग जात राहिली, आणि मग लक्षात आलं की उचलणारं माणूस जानेवारीतच गेलंय. तुमचा नंबर अजून 'आई घरी' म्हणूनच सेव्ह आहे. तो काढायचा धीर मला होत नाही आणि तुमच्या लेकाला तर नाहीच नाही.

मग घरी आले, चहा टाकला आणि लिहायला बसले. सासू-सून एकाच घरात राहिलो, पत्र लिहायची वेळच कधी आली नाही. आणि आज पोटात एवढं साठलंय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चहाही खाली उतरायचा नाही.

तर तुमची अमल बाळंत झाली. हवाबाईंची अमल म्हणायला हवं, पण तिच्यासाठी सगळ्या गावाला कामाला लावलंत ते तुम्ही. तेव्हा तुमचीच.

आठवतंय ना, इथल्या पहिल्याच हिवाळ्यात तुम्ही घरात बसून कंटाळलात आणि लायब्ररीतल्या इंग्रजी बोलायच्या वर्गाला जायला लागलात? इंग्रजी शिकलात का? छे. मैत्रीण घेऊन आलात. "वृषाली, हे पाह्य, हे हवाबाई. सुदानची हाय. पातळ कसं नेसते पाह्य!" अंगाभोवती गुंडाळलेलं ते लांबलचक पिवळं वस्त्र तुम्ही बोटांनी चाचपून पाहिलंत, आणि त्यांनी तुमच्या साडीचा काठ. तुम्हाला अरबी येत नव्हतं, त्यांना मराठी नाही, आणि दोघींचं इंग्रजी एकत्र केलं तरी एक वाक्य पुरं व्हायचं नाही. तरी दुपारभर काय गप्पा चालायच्या हो तुमच्या? मी ऑफिसातून यायची तर चहाचं पातेलं रिकामं आणि दोघी अजून बोलतच.

मग तो रविवार. तुमचा लेक मंदार टीव्हीवर कुठलातरी व्हिडिओ लावून बसला होता, जगातले दहा सर्वांत धोकादायक देश. दहावा, नववा, आठवा, मागे ढोल वाजल्यासारखं संगीत. आपली रेवा पॉपकॉर्न खातेय. आणि सुदान आलं. जळालेला बाजार, पिकअप गाड्यांवर बंदुका घेतलेली पोरं. मंदार रिमोट शोधायला लागला, तो नेमका तुमच्या बुडाखाली. हवाबाई उठल्या, टीव्हीजवळ गेल्या आणि धुराच्या बाजूला, एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हिअर. ब्रेड. व्हेरी गुड ब्रेड."

त्यांच्या गल्लीतली बेकरी होती ती. मग बोट थोडं वर सरकवलं. "हिअर, माय डॉटर."

रेवाचा हात पॉपकॉर्नच्या वाडग्यातच राहिला. आम्हाला तोवर माहीतच नव्हतं की हवाबाईंची मुलगी मागे राहिली आहे. तुम्हाला माहीत होतं का? तुम्हीही चमकून त्यांच्याकडे पाहिलंत, म्हणजे नसावं. आणि मग तुम्ही मंदारवर खेकसलात, "तिची पोरगी तिथं अडकली हाय अन् आपण हे नंबर मोजून रायलो?" बिचारा मंदार. व्हिडिओ त्यानं बनवला नव्हता.

त्या दिवसापासून आपल्या घरात ते शहर राहायला आलं, न्याला नावाचं. मंदार बातम्या वाचून तुम्हाला समजावायचा. दोन फौजा एकमेकींवर उठल्यात आणि माणसं मधे सापडलीत. दवाखाने बंद. रस्त्यात जागोजागी बंदूकवाले अडवतात, आधी फोन काढून घेतात, मग वाटेल ते. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि दर वेळी एकच विचारायचात, "पण तिले आणायचं कसं?"

हवाबाईंना आणता येत नव्हतं. लग्न झालेल्या मुलीला आई बोलावू शकत नाही, असा इथला नियम. पण पाच अनोळखी कॅनेडियन एकत्र आले, वर्षभर सांभाळायची हमी दिली, तर ते आणू शकतात. मंदारनं हे सांगितलं तेव्हा तुम्ही लसूण सोलत होतात. हातातली पाकळी तशीच धरून तुम्ही म्हणालात, "आईले आपली पोरगी आणता येत नाही अन् परक्याईले येते? वा रे कायदा! मंग आपण परके होऊ नं."

आई, त्या एका वाक्यावर मी तुम्हाला सगळं माफ केलंय. भाजीतलं जास्तीचं तिखटसुद्धा.

स्वतः तुम्ही व्हिसावर, तुमच्या सहीला कवडीची किंमत नाही. पण मंडळाच्या हळदीकुंकवाला एकेकीच्या हातावर तिळगूळ ठेवताना तुम्ही तो हात सोडलाच नाहीत. "गोड बोल, अन् हो म्हण," असं म्हणत पाच घरं जमवलीत. पाटीलकाकू अजून सांगतात की त्यांना वाटलं, भिशीला हो म्हणतोय.

नंतर नुसतं थांबणं. अमल आणि तिचा नवरा इद्रिस कसेबसे सीमा ओलांडून चाडमधल्या छावणीत पोचले. महिने गेले, वर्ष गेलं. आणि गेल्या पानगळीत फोन आला की अमलला दिवस गेलेत. रडावं की हसावं, हवाबाईंनाच कळेना. कारण वकीलबाईंनी सांगून ठेवलं होतं की बाळ तिकडे जन्मलं तर त्याचे कागद नव्यानं, तपासण्या नव्यानं, म्हणजे पुन्हा किती थांबायचं कोण जाणे. आणि पोट फार वाढलं तर विमानात घेणार नाहीत. मग हवाबाई रोज फोनवरून पोटातल्या बाळालाच दटावायला लागल्या. तुम्ही शेजारी बसून मराठीतून. "थांब बापू जरासा, घाई नको करू. इथं थंडी हाय पण माणसं बरी हायेत."

आणि त्याच भरात तुम्ही जाहीर करून टाकलंत की अमलचं बाळंतपण आपल्या घरी होणार. मला विचारलंत? नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि हवाबाईंचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, तेव्हा आपलं बेसमेंट हेच तिचं माहेर. मी म्हटलं, आई, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही म्हणालात, "तुले कोन विचारते? मी हाय नं."

मी हाय नं! हे म्हणून दोन महिन्यांत निघून गेलात. यावर भांडायचं होतं मला तुमच्याशी, ते राहिलंच.

पण त्याआधी तुम्ही रंगीत तालीम केलीत, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. हवाबाईंनी हातवारे करून सांगितलं की त्यांच्याकडे बाळंतिणीला सुगंधी लाकडांचा धूर देतात, अंगाभोवती घोंगडं घेऊन. तुम्ही जवळजवळ नाचलात. धुरी! आपल्यासारखीच! लगेच बेसमेंटमध्ये घमेलं, त्यात निखारे, त्यावर ओवा आणि बाळंतशोपा. स्मोक अलार्म बोंबलायला लागला, शेजारच्यांनी फोन केला आणि दारात फायर ट्रक उभा. ते धिप्पाड लोक खाली उतरले तर दोन म्हाताऱ्या एकाच ब्लँकेटखाली खोकत हसतायत. "मॅम, व्हॉट इज बर्निंग?" तर तुम्ही गंभीरपणे सांगितलंत, "ओवा." बंद खोलीत निखारे ठेवून जीव गेला असता म्हणून त्यांच्यातल्या एकानं चांगलं झापलं, ते तुम्ही ऐकून घेतलंत आणि त्याच्या हातात चिवडा ठेवलात.

जानेवारीत तुमचं हृदय थांबलं. हवाबाई तुमच्या पायांशी बसून होत्या. त्यांना म्हटलं, घरी सोडते, तर उठेनात.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत चाडहून कळलं, इद्रिस त्याच्या आईला आणायला परत सीमेपलीकडे गेलाय. तेव्हापासून त्याचा फोन नाही. अजूनही नाही. आई, तुम्ही असतात तर हवाबाईंना काय म्हणाला असतात? मी नुसती भात टाकून त्यांना जेवायला बसवत राहिले. त्याचं नाव कागदांत आहे, सापडला की तोही येऊ शकतो, एवढंच मंदार सांगतो. आम्ही तेच धरून आहोत.

अमल एकटी आली, एप्रिलमध्ये, सातव्या की आठव्या महिन्याचं पोट घेऊन. विमानतळावर पाचही घरं हजर होती, प्रत्येकीनं थंडीचा एकेक जाडजूड पार्का कोट आणलेला. एवढ्याशा पोरीला पाच पार्का! हवाबाई तिला बघून जागच्या हलल्याच नाहीत, तीच चालत आली. आपल्या दारात मी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तुम्ही केला असतात म्हणून केला. ती डोळे मिटून उभी राहिली.

गोड पोरगी आहे हो. पण आवाज नाही. म्हणजे बोलते, हसते, पण सगळं आवाज न करता. दार लावताना दोन्ही हातांनी मूठ धरून लावते, कडी वाजू नये म्हणून. भांडं ठेवते तर कळत नाही. खोकला आला तर उशीत तोंड घालते. रेवा म्हणाली, "मॉम, शी वॉक्स लाइक अ निंजा." मला तेव्हा हसू आलं. मग हवाबाईंनी त्यांच्या तोडक्या इंग्रजीत सांगितलं. शेवटचे कितीतरी दिवस त्या गल्लीतल्या बायका-मुलं एका मागच्या खोलीत लपून होती. बाहेर बंदूकवाले घरं तपासत फिरायचे. आवाज आला की त्या घरात शिरायचे. लहान पोरांच्या तोंडावर हात दाबून धरायचा, रडायला लागण्याच्या आत. अमलकडे जावेचं पोर होतं. ते जगलं, चाडमध्ये आहे. पण तिचा हात अजून त्या खोलीतच आहे, असं हवाबाई म्हणाल्या.

म्हणून आज सकाळी मला कळलंच नाही, आई. मी डिंक तळत होते (तुमचा डिंक या गडबडीत करपला), आणि अमल वॉशिंग मशीनला धरून उभी. मला वाटलं कपडे लावतेय. जवळ गेले तर कपाळावरून घाम ओघळतोय आणि माझ्याकडे बघून हसतेय. "नो प्रॉब्लेम," म्हणाली. नो प्रॉब्लेम! खाली फरशी ओली झाली होती. मंदार ऑफिसला गेलेला. मी तिला गाडीत घातलं, वाटेत हवाबाईंना उचललं, आणि हिवाळ्यानं पाडलेले विनिपेगचे सगळे खड्डे नेमके आज माझ्याच चाकाखाली आले. प्रत्येक खड्ड्याला मी ओरडत होते, ती नाही.

अमल इतकी शांत की डॉक्टर तर आधी मानायलाच तयार नाही की एवढी वेळ भरलीय. नर्स सारखी सांगत होती, "हनी, यू कॅन येल. एव्हरीबडी येल्स हिअर." शेजारच्या खोलीतली बाई तर इमारत डोक्यावर घेत होती. अमलनं हवाबाईंचा हात धरला होता, आणि ओठ घट्ट. मी दुसऱ्या बाजूला. माझ्या बोटांची तिनं काय दशा केली ते बघा एकदा, पेन धरवत नाहीये. पण तोंडातून हूं की चूं नाही. मला वाटायला लागलं, देवा, ही पोर आतल्या आत फुटेल.

आणि बाळ बाहेर आलं. काय ओरडलं म्हणून सांगू! एवढासा जीव, पण छातीभरून. नर्स हसायला लागली, मी रडायला लागले. बाळाला अमलच्या छातीवर ठेवलं, ते आणखी जोरात सुरू झालं. आणि अमलचा हात उठला. तिनं ठरवून केलं नाही, आई, तिची नजरसुद्धा दाराकडे होती. तो हात सरळ बाळाच्या तोंडावर गेला.

नर्सला काही कळायच्या आत हवाबाईंनी तो हात धरला. ओढला नाही, नुसता धरला आणि हळूच बाजूला घेतला. "खल्लीहा," म्हणाल्या. मला अरबी येत नाही, पण आई, हे मला मराठीइतकं कळलं. रडू दे तिला.

अमल आपल्या त्या हाताकडे बघत राहिली. मग दाराकडे पाहिलं. दारातून कुणी आलं नाही. बाळ रडतच होतं, पार कॉरिडॉरपर्यंत ऐकू जात असेल, आणि तरीही कुणी आलं नाही. मग अमलनं तोंड उघडलं आणि ती रडली. मोठ्यानं, गळा काढून, इद्रिसचं नाव घेऊन. मायलेकी दोघी एकदम. त्या खोलीत आम्ही कुणीही त्यांना थांबवलं नाही.

आई, तुमचा शब्द मी पाळते. परवा त्या दोघी घरी येतील. अळिवाची खीर जमते मला, लाडू पाटीलकाकूंकडून करून घेते, तेलाचं हवाबाई बघणार आहेत. पण एक वचन तुमचं नाही, माझं स्वतःचं आहे. ती पोर मध्यरात्री रडो, पहाटे रडो, माझी मीटिंग चालू असताना रडो, या घरात तिला "गप" हा शब्द कुणी म्हणणार नाही. मंदार नाही, रेवा नाही, मी तर नाहीच. आणि तिच्या आईलाही नाही.

तुमची,
वृषाली